मांजरांना ‘आप’ म्हणणाऱ्या काकू

मला मांजरांची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी काही वेडंवाकडं बोलले तर तुम्ही समजून घ्याल. कुत्र्याची नाही वाटत, पालीची नाही, झुरळ तर मी चपलेनं मारते. पण मांजर समोर येऊन बसलं आणि टक लावून बघायला लागलं की मी उठून दाराकडं सरकते. आणि देवाला कसली थट्टा सुचली बघा, बँकेनं बदली केली ती लखनौला, आणि लखनौत जागा मिळाली ती सात मांजरांच्या घरात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा कोल्हापुरातच नोकरीला, मी आणि सात वर्षांची लेक अशा दोघीच इकडं आलो. शाखा हज़रतगंजात. तिथल्या एका मराठी सहकाऱ्यानं पत्ता दिला. म्हणाला, कानपूर रोडला एका मराठी बाईंचं घर आहे, वरची खोली रिकामी आहे, यजमान हवाई दलात होते, ते गेले, मुलगा पुण्यात, बाई एकट्याच असतात. ‘एकट्याच’ म्हणताना तो जरा हसला. का हसला ते दार उघडल्यावर कळलं.

बाईंनी आत घेतलं, खुर्ची दाखवली. खुर्चीत एक भलं मोठं काळं मांजर. मी उभी. बाई म्हणाल्या, “बस की.” मी म्हटलं, “नको, बरी आहे.” अर्धा तास मी उभी राहून बोलले, चहाही उभ्यानंच प्याले. बँकेबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, नवरा का नाही बरोबर तेही नाही. शेवटी म्हणाल्या, “तुला मांजरांची भीती वाटते ना?” मला वाटलं, गेली खोली. तर म्हणतात, “मग उद्याच ये राहायला. भिणारं माणूस दार हळू उघडतं. मागचे भाडेकरू लई प्रेम करायचे मांजरांवर. दोनदा शेपूट चेंगरली दारात.”

अशा आमच्या काकू. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, स्वेटरला सगळीकडं केस चिकटलेले, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. गल्लीत त्यांना बिल्लीवाली आंटी म्हणत. माझ्याशी अगंतुगं. दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, पुण्याच्या मुलाशी, सगळ्यांशी एकेरी. मांजरांशी मात्र बोलायच्या हिंदीत, आणि तेही ‘आप’ लावून. “आप सुबह से कहाँ थीं?” “आपने दूध क्यों छोड़ दिया?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी मोठ्या घरचे पाहुणे आलेत. मी विचारलं, “काकू, मांजरांशी मराठीत का नाही बोलत?” तर म्हणाल्या, “ती इथं जन्मली. त्यांना मराठी कुठून येणार?” मग माझ्या लेकीकडं बघून म्हणाल्या, “हिला तरी कुठं येतंय?” ते खरंच होतं. मी मराठीत बोलायची आणि लेक, इथल्या शाळेत जायला लागल्यापासून, हिंदीत उत्तर द्यायची. मांजरांशी तिचं छान जमलं.

नावांचीही तऱ्हा न्यारी. मांजरी पिल्लं तोंडात धरून घरभर जागा बदलत फिरते. तर जे पिल्लू काकूंना पहिल्यांदा जिथं दिसलं, तेच त्याचं नाव. एक होती परात, एक ट्रंक, एक गठुडं, आणि ते खुर्चीतलं काळं धूड म्हणजे चूल. परात आणि ट्रंक सख्ख्या बहिणी, दोघी करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. मला मेलं आजतागायत त्यांतली कुठली कोण ते कळलं नाही. मी कधी तेवढं जवळ जाऊन बघितलंच नाही.

काकू स्वतः कांदा-लसूणसुद्धा खायच्या नाहीत. पण मांजरांसाठी आठवड्यातून दोनदा मासळी यायची. मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. नाकाला पदर बांधून बाई मासे उकडायच्या, काटे हातानं काढायच्या, आणि मग त्या कडाक्याच्या थंडीतही डोक्यावरून अंघोळ. घरातल्या प्रत्येक दाराचा खालचा कोपरा करवतीनं कापलेला. देवघराचासुद्धा. “मांजरावर दार लावायचं नसतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमौसीला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली यायची की खिडक्या थरथरायच्या. माझी लेक कानांवर हात ठेवायची. मांजरं मान वर करून बघायचीसुद्धा नाहीत. काकू म्हणायच्या, “बघ, फौजी घरातली आहेत.”

हे सगळं मजेचं वाटतं ना? मलाही वाटायचं, दिवसा. पण एकदा त्यांनी भावाची गोष्ट सांगितली आणि माझं हसू आटलं. सख्खा भाऊ ग्वाल्हेरला वारला. तार आली. काकू गेल्या नाहीत, कारण ट्रंक आणि परातीची आई त्या दिवशी व्यायची होती. “तिला मी नसले की भीती वाटते,” काकू शांतपणे म्हणाल्या, “भाऊ तर गेलाच होता.” त्यात ना पश्चात्ताप, ना बढाई. त्यांच्या मांडीवर परात होती आणि त्या तिचा कान दोन बोटांत धरून चोळत होत्या. या बाईला माणसं आणि मांजरं यांतलं एक निवडायची वेळ आली तर ती काय करील, हा विचार तेव्हाच मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

आम्हाला तिथं दोन वर्षं होत आली तेव्हा, संक्रांतीच्या सुमाराला, परात न्हाणीतल्या बादलीमागं जाऊन बसायला लागली. खाईना, पिईना, अंधारातून नुसती बघायची. काकू म्हणाल्या, थंडी बाधलीय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आले तर लेक जिन्यात रडत बसलेली. तिनं परातीला बाहेर काढायला बादलीमागं हात घातला होता. अंगठ्याखाली दोन बारीक भोकं, रक्त आलेलं. आणि शेजारची बाई वाटीत लाल तिखट घेऊन उभी, जखमेत भरायला. इकडं तशी पद्धत आहे म्हणे. मी तिला ढकललंच. लेकीचा हात नळाखाली धरून साबणानं धूत राहिले. साबण चारदा हातातून निसटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात. काकूही आल्या, अपराध्यासारखं तोंड करून. डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. म्हणाले, चौदा सुया, पोटात, रोज एक. आजपासून सुरू करा. पण बिल्लीवर नजर ठेवा. दहा दिवस ती जिवंत आणि ठणठणीत राहिली तर तिला रेबीज नाही, पुढच्या सुया बंद. “बेवजह पूरे चौदह नहीं देने चाहिए,” ते म्हणाले, “किसी-किसी को इससे लकवा मार जाता है।” म्हणजे सुई घ्यावी तर लुळेपणाची भीती आणि न घ्यावी तर मरणाची. जाताजाता त्यांनी काकूंना सांगितलं, “और मर जाए तो गाड़िएगा मत। यहाँ खबर कीजिए। दिमाग की जाँच होती है।”

काकूंनी विचारलं, “पूरी बिल्ली ले जाते हैं?”

“नहीं, नहीं,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, “बस सिर काट के भेज देते हैं।”

घरी येऊन काकूंनी परातीला कोठीच्या खोलीत ठेवलं आणि दाराच्या कापलेल्या कोपऱ्याला बाहेरून पाट लावला. त्या घरात मांजरावर दार लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खिडकीच्या जाळीतून मी रोज दोनदा बघायचं, असं ठरलं.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी आठला लेकीला घेऊन निघायचं. ती जिन्यापासूनच “मम्मी, आज नहीं, प्लीज़ आज नहीं” म्हणत रडायची. दवाखान्यात मी आणि नर्सनं हात धरायचे, शिपायानं पाय, आणि ती लांब सुई बेंबीच्या बाजूला. रोज नवी जागा, कारण कालची सुजलेली असायची. मग तिला शेजारी सोडून, डोळे पुसून, विक्रममध्ये, म्हणजे तिथल्या सहा-सात माणसांच्या रिक्षात, कोंबून घेऊन हज़रतगंज. कॅशमध्ये बसून मी नोटा मोजायची आणि मनात म्हणायची, आज पाणी प्याली का? कोणीतरी सांगितलं होतं, रोग झाला की पाण्याला भितात. घरी आल्यावर मी तिला उगीचच दहादा पाणी द्यायची आणि तिचा गळा हलतो का बघायची. नवऱ्याला एसटीडीवरून फोन केला की सांगायची, सगळं छान आहे, थंडी फार आहे. हजार मैलांवर तो तरी काय करणार होता?

चौथ्या दिवसापर्यंत जाळीतून बघितलं की परात कोपऱ्यात पडलेली दिसायची. पाचव्या दिवशी बघते तर दूध पितेय. सहाव्या दिवशी पोत्यावर नखं घासत होती. मी जिन्यात मटकन बसून रडले. मांजराला बघून आनंद होण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ. “बघा काकू, सुधारली,” मी म्हटलं. काकू म्हणाल्या, “हो. पण सुया थांबवू नकोस हं.” संध्याकाळी पुन्हा वर हाक मारून म्हणाल्या, “चौदाच्या चौदा घे गं बाई.” मला वाटलं, म्हातारीला जरा जास्तच काळजी.

सातव्या दिवशी लेक उठली ती तापानं फणफणलेली. म्हणाली, “पैर में चींटियाँ चल रही हैं।” पायाला मुंग्या. लकवा म्हणजे अशीच सुरुवात असणार. आणि कशासाठी? मांजर तर खाली उड्या मारतंय. मी ठरवून टाकलं, आजपासून बंद. डॉक्टरांना विचारायला गेले तर ते अजून तीन दिवस थांबा म्हणतील. लेकीला कुशीत घेऊन मी रजई ओढली. आठ वाजून गेले.

जिन्यावर पावलं वाजली. काकूंचे गुडघे गेलेले. दोन वर्षांत त्या वर आल्या नव्हत्या. दारात कठड्याला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या.

“गेली नाहीस?”

“नाही. तिला ताप आहे. आणि परात बरी आहे ना आता.”

“जा,” त्या म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता जा.”

“काकू, तिच्या पायाला मुंग्या येतायत. मी नाही आता तिला टोचून घेणार.”

काकू खाली उंबऱ्यावर बसल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “ती ट्रंक आहे. परात चौथ्या दिवशी गेली.”

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काही शिरलंच नाही. मग शिरलं. त्या सांगत होत्या, दुपारी गेली, माझ्या मांडीवर गेली, पेरूच्या झाडाखाली पुरलंय. “ते डोकं कापतात गं. मला वाटलं, तू सुया तर घेतेच आहेस. सगळ्या घेतल्यास तर पोरीला काही होणार नाही, आणि तिलाही कोणी हात लावणार नाही. तू मध्येच थांबवशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

रजईतून लेकीनं डोकं बाहेर काढलं. “मुझे तो पता था वो ट्रंक है,” ती म्हणाली, “मैंने सोचा आपको भी पता है।”

मी काकूंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वडीलधाऱ्या बाईला बोलू नये असं सगळं बोलले. माझ्या पोरीपेक्षा तुम्हाला मेलेल्या मांजराचं डोकं प्यारं, हेही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातांकडं माझं लक्ष गेलं तेव्हा कुठं मला सुचलं. “आणि तुम्ही? तुम्ही तिला भरवत होतात. तुम्हाला नाही चावली?”

त्यांनी तळहात पुढं केला. तीन ठिकाणी. “मी सुई घ्यायला गेले असते तर तुला कळलं नसतं का?”

रिक्षात तिघी बसलो. डॉक्टरांनी लेकीचे पाय तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालायला लावलं, आणि म्हणाले, मुंग्या तापामुळं असतील, पण सांगता येत नाही. मग काकूंवर जे संतापले ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. बिल्ली मेली म्हणजे सुया बंद करण्याचा प्रश्नच नाही, आणि पोरीचे पाय असे, म्हणजे चालू ठेवणंही धोक्याचं. ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, “कितने दिन हुए गाड़े हुए?”

“तीन.”

“ठंड तो है। शायद जाँच हो जाए। सिर मिल जाता तो इस बच्ची का फ़ैसला हो जाता।”

त्या दिवशी दोघींनाही सुई मिळाली, आधी काकूंना, मग लेकीला. घरी आल्यावर लेकीला झोपवून मी खाली आले तेव्हा काकू पेरूखाली खुरप्यानं उकरत होत्या. मी लांबच उभी राहिले. मेलेल्या मांजराचीही मला भीती वाटत होती, खरं सांगते. त्या मागं न बघता म्हणाल्या, “तू आत जा. मी करते.”

स्वतःच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता, त्यात त्यांनी तिला गुंडाळलेलं होतं. तशीच पिशवीत घातली. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. मी अंग चोरून दुसऱ्या टोकाला. तिथल्या डॉक्टरांनी टेबलावर सोडून बघितलं आणि म्हणाले, “माताजी, आप बाहर बैठिए।” काकू हलल्या नाहीत. टेबलावर वाकून, नेहमीच्याच सुरात, त्या परातीला म्हणाल्या, “बस ज़रा-सी देर। आप घबराइए मत। मैं यहीं हूँ।” मी बाहेर पळाले. कट्ट्यावर बसून कान दाबून धरले. बऱ्याच वेळानं त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी आता हलकी झाली होती. घरी जाऊन त्यांनी उरलेलं पुन्हा पुरलं.

निकालाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आणखी तीन सुया. लेकीचा ताप उतरला, मुंग्या मात्र तशाच राहिल्या. मी रात्रंदिवस तिच्या पायांची बोटं मोजत असल्यासारखी हलवून बघायची. काकू खालून दर दोन तासांनी विचारायच्या, “पाणी प्याली का?” मी उत्तर द्यायची नाही. लेक ओरडून सांगायची, “पी लिया, आजी।” मला त्यांचा राग होता, आणि त्याच वेळी सकाळी अंगणात त्या चहाचा कप तोंडाला लावायच्या तेव्हा मी वरून त्यांच्याही गळ्याकडं बघायची. गिळलं की मला हायसं वाटायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मी आणि काकू जनावरांच्या दवाखान्यात निकालाला गेलो. डॉक्टरांनी कागद पुढं केला. “नहीं निकला,” ते म्हणाले, “रेबीज नहीं था।” मी तीनदा विचारलं. पक्कं ना? पक्कं. सुया बंद करायच्या? हे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा, ते बंद करतील. मी त्या अनोळखी माणसाच्या टेबलावर डोकं टेकून रडले. सगळी भीती अंगातून निथळून गेली. मग उठून मी काकूंना मिठी मारली, इतके दिवस ज्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते त्यांना, आणि त्यांच्या स्वेटरचे केस माझ्या तोंडात गेले.

त्यांचे हात मात्र खालीच होते. माझ्या खांद्यावरून त्या डॉक्टरांना विचारत होत्या, “फिर मरी किससे?”

डॉक्टरांनी पुन्हा कागदाकडं बघितलं. “माताजी, वो अब कैसे बताएँ। हमने तो बस सिर की जाँच की। यही देखना था न।”

“हाँ,” काकू म्हणाल्या, “यही देखना था।”

बाहेर आल्यावर त्यांनी तेच मला मराठीत विचारलं. “मग ती कशानं गेली असेल गं?” आजारी मांजर चार दिवस माझ्या पायाखालच्या खोलीत मरत होतं, मी रोज दोनदा जाळीतून त्याच्याकडं बघत होते, आणि त्याला काय होतंय हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी म्हटलं, “थंडीनं असेल, काकू,” आणि रिक्षाला हात केला. मला घरी जायची घाई होती, लेकीला सांगायचं होतं.